डाव, तोड आणि दम : आपल्या आरपीजी पात्रासाठी लढण्याची शैली कशी घडवावी

कुस्तीच्या तालमीत वस्ताद पोराला एखादा डाव दाखवतो, तेव्हा त्याची तोडही लगोलग दाखवतो. ढाक कशी मारायची आणि ढाकेतून कसं निसटायचं, ही एकाच धड्याची दोन अंगं. टेबलटॉप आरपीजीत, म्हणजे टेबलाभोवती बसून फासे टाकत आपापलं पात्र वठवण्याच्या खेळात, स्वतःची मार्शल आर्ट घडवताना नेमकं हेच राहून जातं. खेळाडू वहीत पाच जबरदस्त डाव लिहून आणतो. प्रत्येकाला नाव असतं, डॅमेज (किती मार लागतो तो आकडा) असतं, पण समोरच्यानं त्यावर काय करायचं हे कुठेच लिहिलेलं नसतं. दुसऱ्या सेशनला गेम मास्टर (खेळ चालवणारा आणि शत्रूंना खेळवणारा) वैतागतो, तिसऱ्याला त्या डावांवर बंदी येते आणि पात्र पुन्हा ‘मी हल्ला करतो, सात लागले’ एवढ्यावर येऊन थांबतं.

इथे दिलेली पद्धत डी२० वर, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर, चालणाऱ्या खेळांसाठी आहे. ३डी६ (सहा बाजूंचे तीन फासे) वापरणाऱ्या खेळांत काय बदलायचं, ते आकड्यांच्या भागात येईल. लागणारं सामान म्हणजे चौकटीचा कागद, पेन्सिल, फाशांचा एक संच आणि चाचणीला बसणारा एक जोडीदार. पहिला आराखडा दोन-तीन तासांत होतो, चाचणीला तेवढाच वेळ वेगळा ठेवा.

उदाहरण म्हणून पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच शैली घडवू. तिचं नाव ‘पायरीचा सोटा’. गोदाघाटासारख्या दगडी घाटावर रात्रंदिवस पहारा देणाऱ्या लोकांची ही काल्पनिक शैली आहे. नाशिकच्या टेबलावर खेळताना रामकुंडाचा परिसर, पंचवटीतले बोळ, पायऱ्यांवरचं शेवाळ आणि पर्वणीची गर्दी वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आधी जमीन, मग माणूस, मग हत्यार

बहुतेक जण हत्यारापासून सुरुवात करतात. त्यामुळे सगळ्या शैली शेवटी सारख्याच दिसतात. आधी चार प्रश्नांची उत्तरं एकेका ओळीत लिहा.

कुठे लढतात? ओल्या, निसरड्या दगडी पायऱ्यांवर. शत्रू एक पायरी वर किंवा खाली असतो आणि दोन्ही बाजूंना माणसं खेटून उभी असतात.

कोणाशी? खिसेकापू, चाकू लपवून आणणारे, कधी तर्र झालेले दांडगट. चिलखत घातलेलं कोणी नाही.

अंगावर आणि हातात काय? धोतर, खांद्यावर उपरणं, साधारण तीन फुटांचा जाड सोटा. पायात काही नाही.

मनाई कशाची? कुंडाच्या पाण्यात रक्त सांडायचं नाही. म्हणून धारेचं हत्यार नाही, आणि माणूस मारायचा नाही, पकडायचा.

ही चार उत्तरं नीट लिहिली की अर्धी शैली आपोआप ठरते. गर्दीमुळे लांब फेक घेता येत नाही, म्हणून टोचणं आणि ढकलणं आलं. रक्त सांडायचं नाही, म्हणून बांधणं आणि पाडणं आलं. पायरीमुळे पडलेला माणूस घरंगळतो, आणि तो घाटकऱ्याचा सगळ्यात मोठा फायदा.

चौथा प्रश्न वगळू नका. शैलीला स्वभाव मनाईतून येतो. हेच प्रश्न एखाद्या गडाच्या शिबंदीला विचारून बघा. नाशिकच्या उत्तरेचा रामशेज किल्ला १६८२ पासून काही वर्षं मुघलांच्या वेढ्याला पुरून उरला. अशा गडावर थोड्या माणसांनी तटावरून लढायचं म्हटलं की मागे हटायची मनाई येते, दारूगोळा जपून वापरावा लागतो आणि शत्रू कायम खाली असतो. तिथली शैली गोफण, दगड, भाला आणि जागा न सोडणारा पवित्रा यांवर उभी राहील. घाटकऱ्याचा एकही डाव तिच्यात बसणार नाही.

खऱ्या हत्यारांकडून काय शिकायचं

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा आरपीजी १९७४ साली आला आणि पुढच्याच वर्षी त्यात मॉन्क हा वर्ग, म्हणजे पात्राचा प्रकार, आला. तेव्हापासून ‘मार्शल आर्ट’ म्हटलं की मठातला भिक्षू, रिकामे हात आणि उड्या हेच चित्र डोळ्यांपुढे येतं. ते चित्र चांगलंच आहे, पण आपल्या घरात दांडपट्टा, विटा, फरी-गदगा, लाठीकाठी आणि मल्लखांब असताना सगळ्यांनी त्याच साच्यात बसायचं कारण नाही.

दांडपट्टा जवळून बघा. लांब, सरळ, लवचीक, दुधारी पातं. मूठ पोलादी खोबणीच्या आत आणि ती खोबणी कोपराच्या दिशेनं हातावर चढलेली. मनगट वळतच नाही. म्हणून वार खांद्यातून आणि कोपरातून निघतो, मोठ्या गोल फेऱ्यांत. या एकाच गोष्टीतून खेळाचे चार नियम निघतात. हत्यार हातातून उडवता येत नाही, तेव्हा निःशस्त्र करण्याच्या प्रयत्नाविरुद्ध पूर्ण संरक्षण द्या. तो हात दुसऱ्या कशालाच मोकळा नाही, तेव्हा चढणं, पकडणं, दार उघडणं, औषधाची बाटली काढणं या हाताने होणार नाही. भोवती पाच फूट मोकळी जागा नसेल तर हल्ल्याला −२. आणि पट्टा चढवायला किंवा उतरवायला एक अख्खा टर्न, म्हणजे आपली एक पाळी, जातो. फायदा आणि किंमत एकाच लोखंडातून आली, म्हणून खेळाडूला दोन्ही लक्षात राहतात आणि कोणी वाद घालत नाही.

विटा म्हणजे दोरी बांधलेला भाला. दोरीचं दुसरं टोक हाताशी. फेकायचा आणि ओढून परत घ्यायचा. पल्ला दोरीइतकाच. तोड उघड आहे, शत्रूनं दोरी धरायची. मग ताकदीची ओढाताण, हरणारा पाच फूट पुढे खेचला जातो. एवढं लिहिलं की विट्याचा नियम पुरा झाला.

मल्लखांबाची गोष्ट वेगळी. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळातल्या बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या पुन्हा उभी केली. आव्हान द्यायला आलेल्या मल्लांशी लढण्याआधी त्यांनी सप्तशृंगी गडावर उपासना केली आणि तिथे मारुतीनं त्यांना खांबावरचे डाव दाखवले, अशी कथा सांगतात. गड नाशिक जिल्ह्यातलाच, त्यामुळे इथल्या कॅम्पेनला (अनेक सेशन चालणाऱ्या खेळाला) ही कथा अगदी फिट बसते. शैली घडवताना मात्र एक गोष्ट ओळखा. खांबावर सराव करणाऱ्याची पकड, तिढी आणि तोल विलक्षण असतो, पण खांब हूल देत नाही. म्हणून निव्वळ खांबावर घडलेल्या शैलीला चढण्यात, पकडण्यात आणि पकडीतून सुटण्यात +२ द्या, आणि शत्रूची हूल ओळखण्यात −२.

सिंहस्थामुळे नाशिककरांना साधूंचे आखाडे परिचयाचे असतात आणि लढवय्या साधूचं पात्र करायचा मोह होतो. जरूर करा, पण खऱ्या आखाड्याचं नाव आणि त्याच्या खुणा उचलू नका. ती जिवंत परंपरा आहे, टेबलावर कोणाच्या तरी घरची श्रद्धा असू शकते. आपला पंथ कल्पनेतला ठेवा. त्यामुळे नियम हवे तसे बदलायची मोकळीकही मिळते.

अंतर

लढतीचं अंतर पाच प्रकारचं धरा : दूरचं, काठीभर, हातभर, मुठीचं आणि मिठीतलं. शैलीनं यातलं एक अंतर पक्कं करावं, दुसरं बरं ठेवावं आणि एकात उघडपणे कच्चं असावं. कच्च्या अंतरात हल्ल्याला −२, हे कागदावर ठसठशीत लिहा. पायरीचा सोटा हातभर अंतरात पक्का, मिठीत बरा, दूरच्यात कच्चा. दोन अंतरं पक्की केली की शत्रूला जायला जागाच उरत नाही, आणि लढत जागच्या जागी उभं राहून फासे टाकण्याची होते.

पवित्रे : दोन पुरेत, तीन फार

पवित्रा म्हणजे उभं राहण्याची पद्धत. खेळाच्या भाषेत सांगायचं तर पुढच्या टर्नपर्यंत टिकणारी एक देवाणघेवाण. नियम असा की काही मिळालं, तर काही गेलंच पाहिजे. पवित्रा बदलायला बोनस ॲक्शन (टर्नमधली छोटी जादा कृती) लागते.

खालची पायरी : गुडघे वाकलेले, सोटा आडवा. वर उभ्या असलेल्या शत्रूला उंचीचा फायदा मिळत नाही, आणि पाडण्याच्या प्रयत्नात +२. वेग निम्मा.

ओला पाय : टाचा किंचित उचललेल्या, पाऊल घसटत पुढे. निसरड्या जमिनीवर घसरत नाही, आणि दहा फुटांपर्यंतच्या हालचालीवर शत्रूला मोफत हल्ला मिळत नाही. डॅमेज −२.

चार-पाच पवित्रे केले तर दर टर्नला खेळाडू कागद चाळत बसतो आणि बाकीचे मोबाइल काढतात. शिवाय एखादा पवित्रा प्रत्येक प्रसंगी बरा ठरतो, आणि उरलेले शोभेचे होतात.

डावांची साखळी

कुस्तीत मल्ल उभ्या उभ्या धोबीपछाड मारत नाही. आधी सलामी, मग खडाखडी, हात-मनगटांची झटापट, मग पकड, मग डाव, आणि शेवटी चीत. शैलीतही डाव असेच एकाला एक जोडलेले हवेत. पाच-सहा डाव पुरतात : एक साधा, एक-दोन तयारीचे, दोन वसुलीचे, एक सुटकेचा. वसुलीचा डाव तयारीशिवाय खेळताच येऊ नये.

पायरीच्या सोट्याचे डाव असे.

टेकण हा साधा डाव. सोट्याच्या टोकानं छातीत किंवा पोटात. डी६ अधिक आपला बोनस. लागला तर खेळाडूनं निवडायचं : पूर्ण डॅमेज, किंवा निम्मं डॅमेज आणि शत्रू पाच फूट मागे. पायरीवर तो मागे गेला तर एक पायरी खाली उतरतो.

हूल. बोनस ॲक्शन. सोटा डोक्याकडे उगारायचा आणि थांबायचं. दोघांनी फासे टाकायचे, आपलं कसब विरुद्ध शत्रूची जाण. जिंकलात तर त्याच टर्नमधल्या पुढच्या हल्ल्याला ॲडव्हांटेज, म्हणजे दोन डी२० टाकून वरचा आकडा घ्यायचा. हरलात तर पुढच्या टर्नपर्यंत आपला आर्मर क्लास (हल्ला लागायला गाठावा लागणारा आकडा) १ नं कमी, कारण हात वर राहिला आणि बगल उघडी पडली.

गाठ हा शैलीचा जीव. भिजलेलं उपरणं शत्रूच्या हत्याराच्या हातावर फेकून पीळ द्यायचा. कोरडं उपरणं सरकतं, ओलं घट्ट बसतं, म्हणून घाटकरी पहाऱ्यावर येताना उपरणं नदीत बुडवून येतो. लागलं तर डॅमेज काहीच नाही, पण त्या हातानं केलेले सगळे हल्ले डिसॲडव्हांटेजनं, म्हणजे दोन डी२० तला खालचा आकडा घेऊन. आपलाही एक हात त्यात अडकला, हे विसरू नका.

पायकाढ. फक्त गाठ बसलेल्या शत्रूवर. डी६ अधिक बोनस, आणि ताकदीचा सेव्ह (बचावासाठी टाकायचा फासा) हुकला तर शत्रू आडवा. पायऱ्यांवर असेल तर पाच फूट खाली घरंगळतो आणि वर डी४ लागतात.

बुडी. आडव्या पडलेल्या शत्रूवर, पाणी पाच फुटांत असेल तरच. मान धरून पाण्यात. शत्रू दर टर्नला सुटायचा प्रयत्न करतो, दोनदा हुकला तर शरण येतो. मारण्यासाठी हा डाव नाही.

सोडवण. कोणी आपल्याला पकडलं की रिॲक्शन (दुसऱ्याच्या पाळीत करायची झटपट कृती) म्हणून उपरणं त्याच्या हातात सोडून दहा फूट निसटायचं. किंमत उघड आहे. आता उपरणं उचलून आणेपर्यंत गाठ नाही, म्हणजे पायकाढ नाही, म्हणजे बुडी नाही.

शेवटचा डाव तुम्हाला बाकीच्यांपेक्षा साधा वाटेल, पण टेबलावर सगळ्यात जास्त रंगतो तोच. जीव वाचवायचा की साखळी वाचवायची, हे खेळाडूला त्या क्षणी ठरवावं लागतं.

प्रत्येक डावाला तोड

डावाखालीच तोड लिहा, वेगळ्या कागदावर नको. तोड शत्रूच्या हातात असली पाहिजे आणि गेम मास्टरला ती न विचारता दिसली पाहिजे.

टेकणीची तोड : सोट्याचं टोक धरणं. रिॲक्शन, ताकदीची झटापट. हुलीची तोड : मागच्या फेरीत (फेरी म्हणजे सगळ्यांचा एकेक टर्न) हूल खाल्लेल्या शत्रूला पुढच्या हुलीवर +२, माणूस शिकतो. गाठीची तोड : धारेचं हत्यार असेल तर उपरणं कापणं, नसेल तर झटका देऊन सुटणं. पायकाढीची तोड : पडता पडता उपरणं धरून घाटकऱ्यालाही खाली ओढणं, मग दोघेही आडवे. बुडीची तोड : शत्रूचा साथीदार.

गाठीतून सुटायला किती खर्च, इथे बहुतेक जण चुकतात. अख्खी ॲक्शन, म्हणजे टर्नमधली मुख्य कृती, लिहिली तर उपरणं म्हणजे शत्रूचा पूर्ण टर्न खाणारा डाव होतो. तो बेशुद्धीच्याच बरोबरीचा, फक्त नाव वेगळं. म्हणून सुटायला एक हल्ला खर्च करायचा, असा नियम ठेवा. दोन हल्ले करणारा शत्रू एक घालवतो, एक मारतो. एकच हल्ला असलेल्याचा मात्र टर्न जातोच, तेव्हा अशा शत्रूवर एका लढतीत गाठ एकदाच.

आकडे

डी२० वर प्रत्येक +१ म्हणजे ५ टक्के. पहिल्या लेव्हलचं पात्र +५ नं हल्ला करतं आणि समोर आर्मर क्लास १३ असेल, तर ८ किंवा वर पडायला हवेत, म्हणजे ६५ टक्के. यालाच पाया धरा.

डॅमेजचा पाया सरासरीनं मोजा. डी४ ची सरासरी २.५, डी६ ची ३.५, डी८ ची ४.५, डी१० ची ५.५. बोनस ३ धरला तर टेकणीचं डॅमेज ३.५ अधिक ३, म्हणजे ६.५. ६५ टक्क्यांनी गुणलं की एका हल्ल्याची खरी किंमत सुमारे ४.२. यापुढचा प्रत्येक डाव या ४.२ शी ताडून बघा. क्रिटिकल (२० पडल्यावरचं जादा डॅमेज) सोडून दिला तरी पहिल्या आराखड्याला हा हिशोब पुरतो.

आता गाठ. शत्रू ६० टक्के वेळा मारतो आणि दर वेळी १० लागतात असं धरा. त्याचा एक हल्ला म्हणजे ६. गाठ बसली आणि त्यानं सुटण्यात एक हल्ला घालवला, तर आपले ६ वाचले. गाठ ६५ टक्के वेळा बसते, म्हणजे ३.९. सोडलेलं ४.२, मिळवलेलं ३.९. जवळपास बरोबरी, आणि वर पायकाढीची वाट उघडते. असाच हिशोब हवा. शत्रू सुटायच्या भानगडीत न पडता तसाच लढला, तर ६० टक्क्यांचे ३६ टक्के होतात. दोन हल्ल्यांचे १२ होते, त्याचे ७.२ उरतात. तीन-चार हल्ले करणाऱ्या अजस्र प्राण्यावर हाच डाव अति स्वस्त पडतो, म्हणून गाठ आपल्यापेक्षा फार तर एक आकार मोठ्या शत्रूवर. हत्तीच्या सोंडेला उपरणं बांधून भागत नाही.

‘नेम कमी, मार जास्त’ छापाचे डाव सगळ्यांना आवडतात, आणि मोडतातही तेच सगळ्यात जास्त. −५ घ्या आणि +१० मिळवा, असा डाव घेऊ. साधा हल्ला ७.५ चा असेल तर ६५ टक्क्यांवर ४.९ मिळतात. सौदा केला तर ४० टक्क्यांवर १७.५, म्हणजे ७. खेळाडू दर टर्नला तेच करणार, करायलाच हवं. फायदा-तोट्याची रेघ कुठे पडते ते असं काढा : नेमातली घट गुणिले ०.०५, त्याला नवं एकूण डॅमेज गुणा आणि वाढीव डॅमेजनं भागा. वरच्या सौद्यात उत्तर ०.४४ येतं. म्हणजे नेम ४४ टक्क्यांच्या वर असला की सौदा कायम फायद्याचा. −२ ला +२ दिलं तर रेघ ०.४८ वर जाते. −३ ला +२ दिलं तर ०.७१ वर, म्हणजे फक्त सहज लागणाऱ्या शत्रूवरच परवडतो. खेळाडूनं विचार करून वापरावा असं वाटत असेल, तर रेघ ०.५५ ते ०.७० च्या मध्ये आणा.

ॲडव्हांटेज म्हणजे ‘+५ च्या आसपास’ असं बोललं जातं, ते मधल्या आकड्यांना खरं आहे. ५० टक्क्यांचे ७५ होतात, ६५ चे जवळपास ८८. पण फक्त २० वरच लागणार असेल तर ५ चे ९.७५, म्हणजे अवघा +१. त्यामुळे हूल चिलखतवाल्यावर आपोआप फिकी पडते, वेगळा नियम लागत नाही.

आडवा पाडण्याची किंमत एकट्याच्या हिशोबात मोजू नका. शत्रू आडवा झाला की शेजारच्या प्रत्येक साथीदाराला ॲडव्हांटेज मिळतो. ७.५ चा हल्ला असेल तर प्रत्येकी सुमारे १.७ ची भर. तिघे साथीदार असतील तर एका पायकाढीनं गटाला पाचेक डॅमेज जास्त मिळालं. दोघांच्या गटात साथीदार एकच, तिथे तोच डाव एक तृतीयांश.

टर्न खाणाऱ्या परिणामांत आणखी एक सापळा आहे. ‘४० टक्केच तर शक्यता आहे’ असं म्हणून डाव पास होतो, पण एका टर्नमध्ये तो चारदा करता आला तर निदान एकदा लागण्याची शक्यता ८७ टक्के. म्हणून असा डाव टर्नमध्ये एकदाच, हे पहिल्या दिवशीच लिहून ठेवा.

३डी६ वर, लक्ष्याच्या आत पडायचं असलेल्या खेळांत, +१ ची किंमत जागा बदलली की बदलते. लक्ष्य १० वरून १२ केलं तर ५० चे ७४ टक्के होतात. १४ वरून १६ केलं तर ९१ चे ९८. मुरलेल्या पात्राला नेमाचा बोनस दिल्यासारखा वाटतो, हाती फार लागत नाही. तिथे बोनसऐवजी डावाचा दंड कमी करा : ‘गाठ −४ नं मारायची’, आणि सरावानं तो दंड एकेक पायरी उतरत शून्यावर येतो.

दम

बहुतेक चकमकी तीन ते पाच फेऱ्यांत संपतात. एका चकमकीत खास डाव दोन-तीनदा खेळता यावेत, इतकाच दमाचा, म्हणजे डावांवर खर्चायच्या गुणांचा, साठा द्या. पहिल्या लेव्हलला ३ दम, पुढे दर दोन लेव्हलना १ वाढवा. टेकण, हूल आणि सोडवण फुकट, गाठ आणि पायकाढ १ दम, बुडी २.

दम परत कसा मिळतो, यातून शैलीची चाल ठरते. पायरीच्या सोट्यात खडाखडीनं मिळतो : शत्रू पाच फुटांत असताना हल्ला न करता फक्त अंदाज घेत टर्न काढला की १ दम परत. ‘शत्रू पाच फुटांत’ हे शब्द गाळले तर खेळाडू दाराबाहेर उभा राहून दम भरतो आणि मगच आत शिरतो.

शिकण्याच्या पायऱ्या

सगळे डाव पहिल्याच दिवशी देऊ नका. नवशिक्याला टेकण, ओला पाय आणि सोडवण. तिसऱ्या लेव्हलला हूल, गाठ आणि खालची पायरी. पाचव्याला पायकाढ. आठव्याला बुडी. त्यानंतर नवा डाव न देता जुन्याची एखादी अट सैल करा, म्हणजे कोरड्या उपरण्यानंही गाठ मारता यावी. वस्ताद झालेला माणूस तेच करतो, फक्त सोपं करून दाखवतो.

चाचणी

चार शत्रू मांडा : आर्मर क्लास १८ चा चिलखतवाला, साठ फुटांवरचा तिरंदाज, सहा किरकोळ चोरांची टोळी आणि दोन हल्ले करणारा एक बलदंड. प्रत्येकाशी दोन लढती, एक सपाट जमिनीवर, एक पायऱ्यांवर. दर टर्नला वहीत चार गोष्टी टिपा : कोणता डाव, लागला का, दम किती उरला, आपले हिट पॉइंट (पात्राचा उरलेला जीव) किती गेले.

आठ लढतींनंतर वही वाचा. एकच डाव निम्म्याहून जास्त वेळा आला असेल, तर त्याची किंमत १ दमानं वाढवा किंवा त्याला अट लावा. एकदाही न आलेला डाव काढून टाका किंवा दुसऱ्यात मिसळा, त्याच्यावर जीव जडला असला तरी. दर लढतीच्या शेवटी २ किंवा जास्त दम उरत असेल, तर साठा जास्त आहे किंवा डाव मिळमिळीत आहेत. चारही शत्रूंना शैली सहज हरवत असेल, तर तिचा कच्चेपणा फक्त कागदावर आहे. बलदंडाशी जिंकावं, टोळीशी बरोबरी व्हावी, चिलखतवाल्याशी दमछाक व्हावी आणि तिरंदाजापुढे हरावं. पायऱ्यांवर निकाल थोडा सुधारावा, कारण शैली तिथली आहे.

नंतर दोन घाटकरी एकमेकांसमोर उभे करा. ज्याचा इनिशिएटिव्ह (पाळीचा क्रम) आधी, तोच कायम जिंकत असेल तर तोड कमी पडते आहे. दोघेही नुसती खडाखडी करत बसत असतील तर तोड जास्त झाली आहे.

गेम मास्टरसाठी : जमीन जिवंत ठेवा

जमिनीतून आलेली शैली सतत कोऱ्या चौकटींवर लढवली तर तिचा अर्थच जातो. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी उघडतात. जमिनीतले हे मोठे हौद रंगानं भरतात आणि लोक त्यांत उड्या घेतात. लढतीसाठी याहून सुंदर जागा मिळणं कठीण. रहाडीत पडलेल्याचा वेग निम्मा, रंगलेल्या चेहऱ्यांत शत्रू ओळखायला जाणीव तपासावी लागते, आणि काठावरच्याला पायकाढीवर +२.

पावसाळ्यात गोदेचं पाणी किती चढलं, हे नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे बघून सांगतात. तेच मोजमाप लढतीत वापरा. दर दुसऱ्या फेरीला पाणी एक टप्पा वर : मूर्तीच्या पावलांशी, गुडघ्याशी, कमरेशी, छातीशी. पावलांशी असताना खालच्या दोन पायऱ्या निसरड्या. गुडघ्याशी आलं की त्या पायऱ्यांवर वेग निम्मा. कमरेशी आलं की बुडीचा खर्च १ दम. छातीशी पोचलं की खालच्या सगळ्या चौकटींत दर टर्नला ताकदीचा सेव्ह, हुकला तर प्रवाह दहा फूट ओढून नेतो. खेळाडूंना पाण्याचा पुढचा टप्पा आधीच सांगून ठेवा, म्हणजे ते त्याप्रमाणे जागा धरतील.

कार्ड आणि बोली

शेवटी सगळं एका कागदाच्या एका बाजूवर बसवा. वर चार प्रश्नांची उत्तरं, खाली अंतर, पवित्रे, मग डाव. प्रत्येक डावासाठी तीनच ओळी : काय होतं, किंमत काय, तोड काय. एका बाजूवर मावत नसेल तर डाव जास्त झाले. एक प्रत गेम मास्टरला द्या, तोडीच्या ओळी ठळक करून.

डावांची नावं तोंडात बसणारी हवीत : टेकण, हूल, गाठ. चार-चार शब्दांची जोडनावं दुसऱ्या सेशनला कोणी उच्चारत नाही, ‘तो तिसरा डाव’ म्हणून मोकळे होतात. हल्ला जाहीर करताना आधी शरीराचं वाक्य, मग नियमाचं. ‘उपरणं पिळून त्याच्या मनगटावर टाकतो. गाठ, एक दम.’ गेम मास्टरनंही तोड त्याच भाषेत द्यावी : ‘त्यानं डाव्या हातानं कमरेचा चाकू काढला आणि पीळ कापायला लागलाय. एक हल्ला गेला त्याचा. दुसरा तुझ्यावर येतोय, आर्मर क्लास किती?’